चार की सहा

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि माझं उत्तर नाही, म्हणून तू धुसफुसत असशील. जरा दम धर. आधी कालच्या मतदानाची हकीकत ऐक, आणि तीही क्रमाने. तुकड्यातुकड्यांनी सांगणं मला जमत नाही. माझ्या शास्त्राच्या तासाला तू उजळण्या सोसल्या आहेस, हेही सोसशील.

मतदानावरून माझं मन उडालं होतं, हे तुला ठाऊकच आहे. आपल्या गल्लीतलं उघडं गटार झाकण्याचं आश्वासन तीन पक्षांनी पाळीपाळीने दिलं आणि गटार आहे तिथेच आहे. बाबांची दृष्टी गेल्यापासून मी केंद्रावर जायचे ती केवळ त्यांच्या वतीने बटण दाबायला; माझं स्वतःचं मत न देताच परतायचे. त्यातून त्यांचा उमेदवार मला मुळीच पसंत नसायचा. तरी इमानाने त्याचंच बटण दाबायचे. आणि घरी येताना हे हमखास विचारायचे, “नक्की त्यालाच दिलंस ना?” मी चिडायचे. पण खरं सांगू? माझ्या शब्दाखेरीज त्यांच्यापाशी दुसरा पुरावा तरी काय होता?

यंदा त्यांनी जाहीर केलं, की मत मी एकटा देणार. यंत्राच्या प्रत्येक बटणाशेजारी ब्रेलमध्ये क्रमांक असतो, आणि उमेदवारांची ब्रेलमधली यादीही केंद्रावर मिळते. म्हणजे ब्रेल शिकायला हवी. क्षणभर माझ्या मनाला लागलं. पण शिकवायला कुणी मिळालं, की माझा राग किती टिकतो हे तू जाणतेस! आणि ती लिपी तरी किती देखणी! दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन ठिपक्यांची जागा. एवढ्याशा चौकटीत सगळी अक्षरं आणि सगळे आकडे मावतात. मी ग्रंथालयातून पुस्तक आणलं, पुठ्ठ्यांवर मणी चिकटवून आकृत्या तयार केल्या आणि स्वयंपाकघरात शाळा भरवली. विद्यार्थी इतक्या झपाट्याने शिकला, की मी शेजारणीला ऐकवून आले.

मग एकदा तपासणीसाठी त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना चौथ्या मजल्यावर. लिफ्टच्या बटणांवर ठिपके होते. यांनी मला बाजूला सारून ऐटीत बटण दाबलं आणि आम्ही सहाव्या मजल्यावर दातांच्या दवाखान्यात हजर! हे दारातच उभे राहून म्हणाले, “मास्तरीणबाई, तुमचं चार म्हणजे साऱ्या जगाचं सहा आहे.”

घोटाळा कसा झाला, तो समजून घे. ब्रेल हाताने लिहिताना ठिपके कागदाच्या मागच्या बाजूने टोचतात. म्हणून टोचताना आकृती उलटी काढायची आणि कागद पलटून ती सुलटी वाचायची. मी पुस्तकातल्या टोचण्याच्या आकृत्याच वाचण्याच्या समजले, आणि आरशातलं चार म्हणजे नेमकं सहा! दुसऱ्या कुणाला निदान अवघड तरी गेलं असतं. पण तुझ्या बाबांनी उभा जन्म छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. उलटी अक्षरं त्यांच्या बोटांना सुलट्याहून जवळची. असे गुरू-शिष्य भेटल्यावर चूक पकडणार कोण? मणी उचकटून पुन्हा श्रीगणेशा केला. तरी मुरलेली सवय बोटांतून जाईना. दहातून एकदा तरी चाराचे सहा व्हायचेच.

आणि यंदा त्यांचा नेहमीचा उमेदवार नेमका चौथा. सहावा कोण, तर ज्याचं नाव काढलं तरी त्यांचा घास अडकतो तो! काल रांगेत मी मनातल्या मनात चाराचे ठिपके घोकत होते. अधिकारी मुलीने त्यांच्या हाती यादी दिली, यंत्रापाशी नेलं आणि ती अदबीने मागे सरली. मी दाराशी थांबले. बराच वेळ काहीच ऐकू येईना. मागून एकजण ओरडला, “आजोबा, झोप लागली का?” पडद्याआडून उत्तर आलं, “तुम्ही चित्रं बघून दाबता, मी वाचून दाबतोय. वेळ लागणारच!” सगळी खोली हसली. मग यंत्राचा तो लांबलचक आवाज आला आणि मला एकदम श्वास घ्यायची आठवण झाली.

तिथे उभी असताना मनात आलं, की हे ठिपके बसवणाऱ्या माणसाने तुझ्या बाबांना कधी पाहिलेलं नाही. असा कुणीतरी येईल, एवढं गृहीत धरून त्याने काम चोख केलं. गटार उघडं आहे हे खरं. पण हेही तितकंच खरं. मी ओळखपत्र काढलं, पुढे झाले आणि स्वतःचं मत दिलं.

बाहेर आल्याबरोबर मी विचारलं, “चार की सहा?” हे म्हणाले, “आकडे जगाचेच होते. बाकी मतदान गुप्त असतं, मास्तरीणबाई.” आणि वाटभर शीळ घालत आले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्याविषयी मला ठाऊक नसलेली एक गोष्ट आता त्यांच्यापाशी आहे, आणि त्याचं मला विलक्षण सुख वाटतं आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. घर बंद करून तुझ्याकडे कायमचं राहायला यावं, बाबांचं आता एकट्याने काही होत नाही, असं तू लिहिलं होतंस. मीही निम्मं सामान मनातल्या मनात बांधलं होतं. ते काल सोडलं. खोली तयार केलीस, ती राहू दे. सुटीत चार दिवस येऊ. तुझं घर सहाव्या मजल्यावर आहे ना? आम्हाला घ्यायला खाली लिफ्टपाशी उतरू नकोस. बटण ते दाबतील.

तुझीच,
मत दिलेली आई