पाच दिवसांपुढच्या गोळ्या

४ फेब्रुवारी

सम्राटांना आज माझ्या चाचणीतून काढले!

सम्राट म्हणजे आमचे सर्वांत ज्येष्ठ शल्यचिकित्सक. नाव परिचारिकांनी ठेवले. त्यांना तो सन्मान वाटतो. चाचणीचा प्रश्न शाळकरी पोराला कळेल इतका सरळ आहे. पोटात पू झाला, शस्त्रक्रिया करून तो काढला, तर पुढे प्रतिजैविके पाच दिवस पुरतात की दोन आठवडे द्यावी लागतात? कोणाला किती द्यायची हे संगणक चिठ्ठी काढून ठरवतो. सम्राटांनी पाच दिवसांच्या रुग्णाला गोळ्या गुपचूप पुढे चालू ठेवल्या. एकाला नव्हे, तिघांना!

भर बैठकीत जाब विचारला तर म्हणाले, "अहो मॅडम, मनाच्या समाधानासाठी!"

"कोणाच्या मनाच्या, सर? तुमच्या असेल तर गोळ्या तुम्हीच घ्या."

सगळे हसले. एक गृहस्थ सोडून.

मला दयामाया नाही असे जिन्यात कोणीतरी म्हणाले. नसेल. पण याच समाधानापायी, गरज नसताना वर्षानुवर्षे औषधे दिल्यामुळे, आमच्या तिसऱ्या मजल्यावर कोणत्याही औषधाला न जुमानणारे जंतू जावयासारखे मुक्काम ठोकून आहेत.

७ फेब्रुवारी

जंतुशास्त्र विभागप्रमुखांचे व्याख्यान. जंतू चिवट आहेत, ते तगतील. श्रोत्यांचे सांगवत नाही.

१२ फेब्रुवारी

ताईचा काल फोन - "पोटात जरा दुखतंय, तू लगेच धावत येऊ नकोस." हे 'जरा' तीन दिवसांपासून होते! साखर वाढलेली, अंगात ताप, आणि बाईसाहेब शेजारणीच्या मुलीची भूगोलाची शिकवणी घेत बसलेल्या. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण स्वतःच्या पोटाचा नकाशा काही वाचता आला नाही.

अपेंडिक्स फुटलेले. पू पोटभर पसरलेला. पाळी सम्राटांची होती! मी शस्त्रक्रियागृहाबाहेर खुर्चीवर बसले - नातेवाईक म्हणून. ती खुर्ची कमालीची गैरसोयीची आहे. इतक्या वर्षांत कोणीही मला सांगितले नाही. बाहेर येऊन ते म्हणाले, "स्वच्छ धुतलंय सगळं. काळजी करू नका." टाके मी नंतर पाहिले. माणूस कसाही असो, हात देखणे आहेत. हे त्यांना कळता कामा नये.

१३ फेब्रुवारी

निवासी डॉक्टर ताईकडे संमती घ्यायला गेला. चाचणी कशाची, पाच दिवस म्हणजे काय, सगळे समजावत होता. मी आडवी आले - ही माझी बहीण, हिला यात घ्यायचे नाही. ताई नळ्यांच्या जंजाळातून गुरगुरली.

"का? बहिणीचं दुकान आणि गिऱ्हाईक तेवढं परकं?"

"ताई, हा खेळ नाही."

"मग इतर लोकांशी खेळतेस का?"

नीतिसमितीला विचारले. ते म्हणाले, उपचारांचे निर्णय तुम्ही घ्यायचे नाहीत, एवढी एक अट. बाकी हरकत नाही. ताईने सही केली. संगणकाची चिठ्ठी निघाली - पाच दिवस.

माझे मत विचारले असते तरी हेच म्हटले असते. अर्थातच.

१६ फेब्रुवारी

पुवाचा अहवाल आला. जंतू हट्टी जातीचा. बहुतेक औषधे त्याच्यापुढे पाणी. एक लागू पडते आहे, तेच चालू आहे. मधुमेह, त्यात हा जंतू. उलटला तर पुन्हा पोट उघडावे लागेल, आणि दुसऱ्यांदा उघडलेले पोट या वयात, या साखरेत... वाक्य पुरे करत नाही. अपुरी वाक्ये मला आवडत नाहीत.

ताईला कळवले. ती म्हणाली, "हट्टी? मग आपल्याच घरातला दिसतो."

१७ फेब्रुवारी

पाचवा दिवस. ताप नाही, पोट मऊ, रक्ताचा अहवाल उतरणीला. सर्व अटी पूर्ण. औषध बंद झाले.

इतर रुग्णांच्या मुलांना आणि सुनांना मी हे सांगते, तेव्हा माझा आवाज किती ठाम असतो! "आता गोळ्यांची गरज नाही, शरीर पाहून घेईल." आज तो निवासी डॉक्टर तेच वाक्य मला म्हणाला. माझ्याच स्वरात, माझ्याच हातवाऱ्यांसकट. फार उद्धट वाटले.

१८ फेब्रुवारी

ताई माझ्याकडे राहायला आली. घरात पाय ठेवताच, "हे घर आहे की ऑपरेशन थिएटर? बसू की आधी हात धुऊ?"

संध्याकाळी अंग किंचित कोमट. शंभरच्या खाली. 'शंभरच्या खालचे तापमान ताप म्हणून धरू नये' - हे वाक्य कोणाचे? माझे. त्यावर समितीत तासभर भांडून मी ते मंजूर करून घेतले होते. खरे तर उद्या सकाळी विभागात नेऊन दाखवणे हा मार्ग. तेथे म्हणतील, थांबा आणि पाहा. बरोबरच म्हणतील. मला थांबायचे नाही.

१९ फेब्रुवारी

दिली.

तीच गोळी, माझ्या कपाटातली. "ही कसली गं?" "पोटासाठी." हे असत्य नाही. केवळ मोघम आहे.

२१ फेब्रुवारी

सकाळ-संध्याकाळची गोळी बशीत ठेवते, शेजारी पाण्याचा पेला, आणि दवाखान्यात जाऊन अनावश्यक प्रतिजैविकांविरुद्ध बोलते. आज दोन कनिष्ठांना झापले. एकाने 'खबरदारी म्हणून' हा शब्दप्रयोग केला होता. मी म्हटले, खबरदारी हे भित्र्या माणसाने अज्ञानाला दिलेले गोंडस नाव आहे. त्याने वहीत टिपून घेतले. गाढव!

२६ फेब्रुवारी

ताईची तब्येत झकास. जेवते, भांडते, माझ्या पडद्यांना नावे ठेवते. तपासणीत सर्व उत्तम. निवासी डॉक्टर म्हणाला, "बघा मॅडम, पाच दिवसांत!" मी मान हलवली. मान हलवणे म्हणजे बोलणे नव्हे, असे स्वतःला समजावत घरी आले. गोळ्या संपल्या. पुढे दिल्या नाहीत.

गोळ्यांमुळेच बरी झाली. नाहीतर काय झाले असते! - हा युक्तिवाद मी शब्दशः कोणाच्या तोंडून ऐकला आहे, ते मला ठाऊक आहे.

२ मार्च

आमची संख्याशास्त्रज्ञ तक्ते घेऊन आली. ही मुलगी सहसा हसत नाही. म्हणून मला आवडते. आज हसत होती.

"मॅडम, तुमच्या ताईंसारखी केस शोधून सापडायची नाही. मधुमेह, फुटलेलं अपेंडिक्स, असला जंतू, आणि फक्त पाच दिवस! लोक हेच विचारणार ना - अवघड पेशंटचं काय? हे घ्या म्हणावं उत्तर!"

मी "वा" म्हटले. एवढा हलका शब्द इतका जड जाईल असे वाटले नव्हते.

हे उत्तर नाही. उद्या कोणी दूरच्या गावातला डॉक्टर आमचा लेख वाचून अशाच एखाद्या बाईचे औषध पाचव्या दिवशी थांबवील. तिच्या बहिणीच्या कपाटात गोळ्या नसतील.

३ मार्च

बैठकीत सांगून टाकले. उभी राहून, पूर्ण वाक्यांत. रुग्ण माझी बहीण, गोळ्या माझ्या, कोणालाही न विचारता, खोटे कारण देऊन. कारण - मनाचे समाधान. मुद्दाम तोच शब्द वापरला. दुसरा कोणी वापरण्याआधी आपण वापरलेला बरा.

कोणीही हसले नाही. सम्राट उठले. म्हटले, आता हिशेब चुकता करतील. मी तयारीत होते, प्रत्युत्तरासह. ते शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "होतं हो असं. चहा सांगू का?"

टोमणा परवडला असता.

ताईच्या निकालापुढे नियमभंगाची खूण पडली. संख्याशास्त्रज्ञ मुलीने ती पेन्सिलीने केली, मग खोडून शाईने. चाचणीचे प्रमुखपद मी सोडले. जो नियम सम्राटांना, तोच मला. सूत्रे जंतुशास्त्र प्रमुखांकडे. अंतिम अहवाल ते लिहिणार! वाचकांची कीव येते.

५ मार्च

विभागात शिरले की बोलणे थांबते. पूर्वीही थांबायचे. तेव्हा ते धाक वाटून थांबायचे.

ताईला अजून काही सांगितलेले नाही. उद्या ती घरी जाणार.

६ मार्च

टॅक्सी दारात असताना सांगितले. सगळे - गोळ्या कसल्या होत्या ते, बैठक, सोडलेले पद. ताईने पिशवी खाली ठेवली.

"अगं वेडे, त्या गोळ्या मी घेतल्या कुठे? एकही नाही घेतली. दवाखान्यातलीच गोळी ती, पहिल्याच दिवशी ओळखली. त्या पोरानं सही घेताना नीट समजावलं होतं, पाच दिवस म्हणजे पाच दिवस. म्हटलं, बहिणीनं एवढी वर्षं घालवलीत त्यात, तर खरंच असणार. माझा पूर्ण भरवसा होता."

मग पिशवी उचलता उचलता -

"तुझा नव्हता होय गं?"