हंबीरराव आणि म्हैस एकाच मापाचे

कोडोली, ता. पन्हाळा
९ सप्टेंबर २००४

चि. प्रसेनजीत यास भाऊसोमामाचा जयभीम आणि आशीर्वाद. इकडं सगळी खुशाली आहे. तुझ्या आईचा, म्हणजे आमच्या यल्लव्वाअक्काचा, गुडघा पावसानं धरला होता, तो आता मोकळा झालाय. तुला पुण्यात कंपनीत दुपारी झोप येते म्हणालास, तर भात कमी खात जा. माझी तब्येत मात्र विचारू नकोस. काल सकाळपासून चहा बशीत ओतायचा तो विजारीवर ओततोय. आणि याला कारण तू आहेस.

एप्रिलात जयंतीला आलास तेव्हा आमच्या दूध संस्थेच्या कॉम्प्युटरात ते फोटोंचं माप बदलायचं सॉफ्टवेअर तू घालून गेलास. (वर्डमध्ये एकेक फोटो कोपऱ्याला धरून ओढत बसलो होतो, ते तुला बघवलं नाही. बघवायला पाहिजे होतं.) रौप्यमहोत्सवी स्मरणिका करायची होती. आता आपल्याकडं माणसाचा मान फोटोच्या मापावर ठरतो, हे पुण्याला गेलास म्हणून विसरला नसशील. चेअरमन हंबीरराव अर्धं पान, संचालक पोस्टकार्डाएवढे, शिपाई कृष्णातसुद्धा धरून आम्ही नोकरमंडळी पासपोर्ट साइज, आणि दूध घालणाऱ्या नव्वद बायकाबापयांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे, एका पानावर तीस. त्यात अंगठ्यानं झाकेल एवढी तुझी आई. या मापांना संचालक मंडळानं ठराव करून मंजुरी दिली होती. ठरावाची नक्कल माझ्याच अक्षरात आहे.

मी फक्त हंबीररावांचा फोटो अर्ध्या पानाचा करायला गेलो. माप टाकलं. सॉफ्टवेअरनं विचारलं, एकच फोटो का सगळे? मी काय दाबलं ते तुझ्या लक्षात आलंच असेल. एका दमात सगळे एकशे आठ फोटो अर्ध्या पानाचे! शाहूपुरीतल्या प्रेसवाल्यानं फाइलीत होतं ते छापलं. अठ्ठावीस पानांची स्मरणिका पंचाहत्तर पानांची होऊन आली तेव्हा मला वाटलं, कागद जाड वापरलाय.

काल सकाळी दूध घालायच्या वेळेला वाटप झालं. पहिल्याच पानावर वर हंबीरराव आणि खाली त्यांची प्रदर्शनात पहिला नंबर काढलेली म्हैस, दोघंही एकाच मापाचे. त्यात अर्धं पान पडलं आडवं, त्यामुळं उभ्या फोटोतले हंबीरराव दोन्ही बाजूंनी पसरले. म्हशीचा फोटो मुळातच आडवा, ती जशीच्या तशी राहिली, उलट जरा रुबाबदारच दिसते. हंबीरराव सगळ्यांसमोर ओरडले, "काय वो सचिव, मला आन म्हशीला एका मापात बसिवलंसा? आन त्यो कृष्णात बी माझ्याएवढाच?" त्यांच्या मंडळी चिमणाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पर म्हस लई झ्याक आलीया." मग जे व्हायचं ते झालं. रविवारी तातडीची सभा आहे. विषय एकच, सचिव भाऊसो यांना कामावरून कमी करणे. बावीस वर्षं मी या संस्थेत दुधाचं फॅट मोजलं रे! माझा अजून विश्वास बसत नाही.

आणि दुसरा धक्का ऐक. बायका स्मरणिका परत द्यायला तयार नाहीत. धोंडुबाईनं तर पदराखाली दाबून धरली. "आमी बी खात्यापित्या घरच्या दिसालोय की," म्हणाली. तुझी आई जन्मभर काडीसारखी, ती या फोटोत पहिल्यांदा अंगानं भरलेली दिसते. दुधाची किटली खाली ठेवून कितीतरी वेळ पान बघत उभी राहिली. मला भीतीच वाटली.

मामीचे आशीर्वाद. तुझ्या बहिणीला, दीक्षाला, अभ्यास कर म्हणून सांग.

तुझा मामा,
भाऊसो

ता. क. हंबीरराव रविवारी सभेआधी तुला फोन करणार आहेत, तुझा नंबर मीच दिलाय. त्यांना एवढंच सांग की त्या सॉफ्टवेअरात सगळ्यांना एकच माप बसतं, लहानमोठं करायची सोयच नाही. इंग्रजी शब्द घालून सांग. माझी नोकरी आता तुझ्या इंग्रजीवर आहे.

ता. क. २. तुझ्यापासून काय लपवायचं? प्रेसला द्यायच्या आधी सगळी पानं मी कॉम्प्युटरवर बघितली होती. कंट्रोल आणि झेड दाबलं की केलेलं परत फिरतं, हे तूच शिकवलं होतंस. दोन्ही बोटं ठेवलीही होती. तेवढ्यात पुढच्या पानावर अक्का आली, हंबीररावांच्या मापाची. बोटं उचलली आणि तशीच सीडी करून दिली.

ता. क. ३. हे पत्र वाचून फाडून टाक. सोबत अक्काचं पान पाठवलंय, ते ठेव. पाकिटात बसेना म्हणून घडी घातलीय, पण चेहऱ्यावरून घातलेली नाही.