बोटीच्या ट्रेलरला विजेचे ब्रेक

स्पोकेन,
२८ जून १९९३

तीर्थरूप बाबांस,
मारीतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकत नाही, म्हणून लिहिते.

तुमच्या शेजारचे वॉल्टकाका परवा लाकडांचा ट्रक घेऊन इकडे आले होते. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निसटलं. तळ्यावरून परतताना घाटात बोटीच्या ट्रेलरच्या चाकांतून धूर निघाला, ब्रेक लागेनात, आणि तुम्ही गाडी खडीच्या चढावर घातली. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी केलेला तो चढ, बाबा! आणि शेजारी आई बसलेली. तिला विचारलं तर म्हणाली, हवा छान होती.

दीड टनाची बोट त्या उतारावर मागून ढकलते, या विचारानं माझं कामात लक्ष लागत नाही. एक तर ब्रेक बदला, नाहीतर बोट विका. आईला काही झालं तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही, आणि तुम्हाला झालं तर कुणाशी भांडू?

रागातसुद्धा लोभ तेवढाच आहे, तुमचाही असू द्या.
तुमची,
मारीत


डार्बी, मोंटाना,
९ जुलै १९९३

चि. मारीतला बाबांचे अ. उ. आ.

वॉल्टच्या पोटात काही राहत नाही, त्याला यापुढे कॉफी बंद.

धूर निघाला, कबूल. जुने ब्रेक ढकलण्यावर चालतात. आपला पिकअप ट्रक हळू झाला की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानं त्याचे ब्रेक दाबले जातात. सपाटीवर उत्तम. पण सहा मैलांच्या उतारावर रेटा संपतच नाही, ब्रेक सगळा वेळ दाबलेले राहतात आणि तापून निकामी होतात.

म्हणून विजेचे ब्रेक बसवतो आहे. चारी चाकं काढून ठेवलीत. आत लोहचुंबकाचे ब्रेक, तिथून ट्रकपर्यंत तार, आणि माझ्या स्टिअरिंगशेजारी एक डबी. मी पेडल दाबलं की वीज जाऊन ट्रेलरही थांबतो. डबीला छोटा दांडा आहे, तो दाबला की नुसता ट्रेलर थांबतो. वॉल्ट म्हणतो की वीज आणि पाणी एकत्र नेणारा मूर्ख त्यानं पहिल्यांदाच पाहिला. मी म्हटलं, आरशात बघत नाहीस वाटतं.

एकवीस ऑगस्टला तळ्यावर जाऊ. आईची काळजी करू नकोस. ती घाटात शांतपणे विणत बसते, तीस वर्षांत एकदा तक्रार नाही. तुझ्यासारखी घाबरट नाही ती.

आमच्यावरचा लोभ वाढव, सल्ले कमी कर.
तुझा,
बाबा


स्पोकेन,
१५ ऑगस्ट १९९३

ती. सौ. आईस, सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुला. बाबांनी स्वतः बसवलेले ब्रेक पहिल्यांदाच घाटात जाणार आहेत. एखादी तार सैल राहिली तर? तू जाऊ नकोस असं सांगितलं तर ऐकणार नाहीस. म्हणून एकच विचारते, आणि हवेचं सांगू नकोस. तुला खरंच भीती वाटत नाही?

घरी पोचल्याबरोबर फोन कर. माया आहेच, जपून राहा.
तुझी,
मारीत


डार्बी,
२३ ऑगस्ट १९९३

चि. मारीत, आईचे अनेक आशीर्वाद.

शनिवारी मी फोनवर सगळं ठीक म्हणाले, तेव्हा तुझे बाबा समोर उभे होते. आता खरं लिहिते.

भीती वाटते. तीस वर्षं वाटते. माझ्या बाजूला पेडल नाही, तरी घाट संपेपर्यंत माझा पाय खाली दाबलेला असतो. विणते ती हात कापताना दिसू नयेत म्हणून, आणि घरी येऊन सगळं उसवते.

ट्रेलर पाण्यात घालायच्या आधी त्याच्या दिव्यांचा प्लग काढायचा, नाहीतर तापलेले दिवे गार पाण्यात फुटतात, ही इथल्या सगळ्यांची सवय. परवा बोट बाहेर काढतानाही तुझ्या बाबांनी तो काढला. पूर्वी परत लावायचा राहिला तर फार तर दिवे लागत नसत. आता ब्रेकची वीजही त्याच प्लगमधून जाते. हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण हातांना सवय जुनीच.

घाटमाथ्यावर ट्रक थांबायची जागा आहे, तिथून आम्ही उताराला लागत होतो. गाडी जेमतेम सरकली होती. मी न विचारता तो दांडा दाबला. सकाळी दाबला होता तेव्हा मागून कुणी कोट धरून ओढल्यासारखं झालं होतं. आता काहीच नाही. पुन्हा दाबला, तरी नाही. तुझे बाबा म्हणाले की दांड्याशी खेळू नकोस. मी ओरडले की गाडी थांबवा, नाहीतर उडी मारते.

थांबवली. मागे जाऊन आले ते पांढरेफटक होऊन. प्लग ट्रकच्या हौद्यात पडला होता. तो लावला आणि एका दगडावर बसून राहिले. मी दिलेली कॉफी त्यांच्या हातातच गार झाली. मग म्हणाले, एवढी घाबरतेस तर इतकी वर्षं बोलली का नाहीस? मी म्हटलं, तुम्ही उतारभर शीळ घालत असता, मला वाटायचं माझंच मन भित्रं.

नंतर सुखरूप उतरलो, ब्रेक चांगले लागले. पण माझं मन अजून त्या माथ्यावरच आहे. तू तरी मला भित्री म्हणू नकोस.
तुझी,
आई


डार्बी,
३० ऑगस्ट १९९३

चि. मारीत, बाबांचे आशीर्वाद.

आईनं तुला काय लिहिलं ते तिनंच मला सांगितलं. प्लगचं खरं आहे, आणि मी ते तुला कळवणार नव्हतो, हेही खरं.

एक गोष्ट तिलाही बोललेलो नाही. मी शीळ घालतो ती भीतीनं. पहिल्या वर्षापासून. शेजारी ती विणत बसलेली दिसली की वाटायचं, ही इतकी निर्धास्त आहे, हिच्यासमोर घाबरायचं कसं? तिच्या विणण्याच्या भरवशावर मी उतरत राहिलो, माझ्या शिळेच्या भरवशावर ती गप्प राहिली. एकमेकांना धीर देता देता आम्ही दोघं त्या दरीत गेलो असतो, पोरी.

ती स्वयंपाकघरात हकलबेरीची रानफळं निवडते आहे. पाकीट बंद करण्याआधी हा कागद तिच्यासमोर ठेवणार आहे. तोंडानं सांगायला जमत नाही.

या म्हाताऱ्यावर रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझा,
बाबा

ता. क. वाचलं. शनिवारी पुन्हा जातो आहोत. दोघंही उघड उघड घाबरत, हळूहळू उतरू. — आई