हळद लागलेला चोर

कुरुंदा, रविवार

प्रिय दादा,

मी धडधाकट आहे, हे आधी वाच. मग पुढचं.

माझ्या हळदीच्या गिरणीची मोटर चोरीला गेली. चोर गावातच सापडला, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा! फौजदार म्हणाले, "बाई, हळद लागलीच आहे, आता वरात आमी काढतो."

तो आमच्या कामवाल्या जनकाबाईचा मुलगा. मागच्या चोरीच्या शिक्षेतून चांगल्या वागणुकीबद्दल लवकर सुटलेला. तुरुंगात चोरायला होतं तरी काय? शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला शिक्षेतलं एक मिनिटही कधी माफ केलं नाही. ज्याचं घर फुटलं त्याला न विचारता ही सूट देतातच कशी?

जनकाबाई दाराबाहेरच थांबली. "कोन्त्या तोंडानं आत येऊ, बाई?"

"याच तोंडानं, आणि लवकर. शिक्षा त्याची आहे. त्यानं ती पुरी भोगावी, तू कशाला?"

वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला हळद पाठवते आहे. रात्री पत्रा वाजला की मी उठून बसते, हे मात्र तिला सांगू नकोस.

गिरणी विकून नागपूरला ये, असं पुन्हा म्हणू नकोस. चोरानं लवकर सुटावं आणि मी पळून जावं? उद्या नवी मोटर बसते आहे. पहिलं पोतं जनकाबाईच ओतणार.

तुझी, इथेच राहणारी,
प्रमिला