खांद्याला खांदा लावण्यापूर्वी केलेले मृत्युपत्र

मी, योस्वेल दुआर्ते लेइवा, वय वर्षे सत्तावीस, जन्म बाराकोआचा, राहणार सेंत्रो हवाना, गच्चीवरची खोली, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल आमच्या इमारतीत दोन मते आहेत, पण नोटरीबाईंनी माझे नाव आणि आजचा वार विचारला आणि मी दोन्ही बरोबर सांगितले. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. "हा कागद दिल्याशिवाय विमानात बसता येणार नाही," असे साहेब म्हणाले खरे, पण तो दबाव नव्हे, असेही साहेबच म्हणाले.

कारण असे की मी एका कचेरीत ऐक्याचे संदेश लिहितो. पश्चिमेच्या बड्या सरकारांशी ज्यांचे आमच्यासारखेच वाकडे आहे, ते आमचे मित्रदेश. त्यांच्याकडे वादळ आले, निवडणूक जिंकली, निर्बंध लागले की आमचा संदेश जातो. आमच्याकडे काही झाले की त्यांचा येतो. यातही पायऱ्या आहेत. तेल पाठवणाऱ्याशी आमची मैत्री 'अभेद्य', औषधे पाठवणाऱ्याशी 'अतूट' आणि नुसतेच संदेश पाठवणाऱ्याशी 'दृढ'. हे मला माझ्या माद्रिनाने, म्हणजे मानलेल्या आईने, कासिल्दाने शिकवले. तिने जन्मभर त्याच कचेरीत टाइप केले आणि मला तिथे चिकटवलेही तिनेच. त्याआधी मी कामाग्वेला ऊस तोडला, हिबाराला मासे धरले, एका कठपुतळीवाल्याबरोबर गावोगाव हिंडलो. तो कठपुतळीवाला मोठा गमतीदार माणूस होता, त्याच्या राजाला एकच हात होता... पण नोटरीबाई म्हणतात, कागद एकच आहे, आवरा.

तर एका मित्रदेशात पूर आला. देशाचे नाव लिहीत नाही, ते नाराज होतील आणि नाराजी काढायला आणखी एक संदेश लागेल. आम्ही नेहमीचे वाक्य पाठवले: "या संकटात आमची जनता तुमच्या खांद्याला खांदा लावून उभी आहे." हे वाक्य आम्ही सगळ्यांना पाठवतो. आजवर कुणाचाही खांदा जागचा हललेला नाही. पण या मंडळींचे उत्तर आले: "आभारी आहोत. किती जण येत आहेत? गरम कपड्यांची मापे कळवा. साखरेचे बीट उपटायचे राहिले आहे."

साहेबांनी उत्तराचा कागद उलटून पाहिला.

"असं कुणी विचारतं का?"

"नवीन मित्र असतील," कासिल्दा म्हणाली. "जुने असा आगाऊपणा करत नाहीत."

"आता नाही म्हणायची सोय नाही. पश्चिमेकडचे हसतील." साहेबांनी मान वर केली आणि समोर नेमका मी होतो. "तू ऊस तोडलायस ना रे?"

"एक हंगाम, साहेब."

"झालं तर मग. तीही साखरच."

"पण साहेब, ती जमिनीच्या आत असते म्हणे."

"मग वाकायचं. सापडेल."

मी हो म्हणालो. खरे सांगायचे तर मला बर्फ बघायचा आहे. विमान एका तिसऱ्या मित्रदेशाने ऐक्याची खूण म्हणून दिलेले आहे आणि ते माझ्यापेक्षा वयाने मोठे आहे. मी हो म्हणालो तेव्हापासून कासिल्दा माझ्याशी बोलत नाही. काही सांगायचे झाले तर शेजारच्या एउदाल्दोला सांगते: "त्या बीटवाल्याला म्हणावं, भात निवतोय."

आता वाटणी.

कलम पहिले. सायकल एउदाल्दोला द्यावी. तिला ब्रेक नाहीत, पण त्याला कुठे जायची घाई नसते. डॉमिनोचा संच मात्र त्याला देऊ नये, तो सोंगट्या बाहीत लपवतो. हे तो माझ्या खांद्यावरून वाचतो आहे आणि म्हणतो आहे, "मेल्यावर तरी खरं लिही की!" संच समुद्रात टाकावा.

कलम दुसरे. गळ आणि दोरी हिबाराच्या कोळ्यांची आहे, ती त्यांना पोचवावी. मी ती मागून आणली होती, असे ते म्हणणार नाहीत. मी मात्र म्हणतो.

कलम तिसरे. रिगोबेर्तो, माझा चुलतभाऊ आणि माझे एकमेव रक्ताचे नाते. मी जाणार हे कळल्यावर तो बऱ्याच काळाने भेटायला आला. मिठी मारली, कॉफी प्यायला आणि खिडकीतून डोकावून म्हणाला, "अरे वा, इथून समुद्र दिसतो की! पर्यटक वेडे होतील." मला काही झाले आणि हा कागद नसला तर खोली त्याला मिळेल आणि कासिल्दा तिच्या भातासकट रस्त्यावर येईल. म्हणून रिगोबेर्तोला मी काहीही ठेवत नाही. त्याच्याशी माझी मैत्री 'दृढ' आहे, एवढे त्याला कळवावे.

कलम चौथे, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप ते. गच्चीवरची खोली, तिच्यातला पंखा, भाताचे भांडे आणि खिडकीतून जे काय दिसते ते, कासिल्दा मोन्तेअगुदोला मिळावे. खोली मुळात तिचीच. तिचा नवरा आबुन्दिओ गेला तेव्हा तिने ती माझ्या नावावर केली. मी म्हणालो, "माद्रिना, मी आज इथे, उद्या तिथे. मला कशाला खोली?" तर म्हणाली, "म्हणूनच. नावावर काहीतरी असलं की माणूस सारखा पळत नाही." मी तरीही पळालो, पण दर वेळी परत आलो, हे लिहून ठेवणे भाग आहे.

हे कलम मी तिला काल वाचून दाखवले. ती एउदाल्दोला म्हणाली, "त्याला सांग, मला नको. घेतली तर मी त्याच्या मरणाची वाट बघत बसले असा अर्थ होतो."

"अगं, कायद्याचा कागद आहे नुसता!" मी म्हणालो.

"त्याला सांग, ते खांद्याचं वाक्यही नुसतंच होतं."

तरीही कलम कायम आहे. ती नको म्हणाली तरी द्यावी.

साक्षीदार:
१. एउदाल्दो प्रात्स (सही, सायकलीबद्दल नाराजी नोंदवून)
२. कासिल्दा मोन्तेअगुदो (सही)

खुलासा. दुसऱ्या जागी खालच्या न्हाव्याची सही व्हायची होती. तो यायच्या आत कासिल्दा आली, नोटरीबाईंच्या हातातले पेन घेतले आणि एका झटक्यात सही केली.

"अहो बाई, हे काय केलंत?" नोटरीबाई ओरडल्या. "ज्याला मिळायचंय त्याला साक्षीदार होता येत नाही. तुमचं कलम बाद झालं!"

"माहितीये," कासिल्दा म्हणाली. "जन्मभर कागदच टाइप केलेत मी."

मग ती वळून, मधे एउदाल्दोला न घालता, मला म्हणाली, "खोली तुझ्याच नावावर राहणार. मी रस्त्यावर यायला नको असेल, तर तू स्वतः परत ये. आणि गळ्याभोवती काहीतरी गुंडाळ, तिकडे थंडी असते."

नोटरीबाईंकडे शिक्क्याचा दुसरा कागद नाही आणि खाली गाडी हॉर्न वाजवते आहे. तेव्हा कलम चौथे रद्द, त्याच नियमाने साक्षीदार एउदाल्दोची सायकलही रद्द, बाकीचे कायम. मी बीट उपटून परत येईन, असे याखाली लिहून देतो. मृत्युपत्रात असे वाक्य चालत नाही, असे नोटरीबाई म्हणतात. मी तरी लिहिले आहे.

योस्वेल दुआर्ते लेइवा (सही)
हवाना, सोमवार, १४ ऑक्टोबर २०१९