पिकअपचे मोठे टायर

दादा,

मोठे टायर लावल्यापासून पिकअप डिझेल जास्त पिते आणि मीटर किलोमीटर कमी दाखवतं, हे मला हसत हसत सांगितलंस, मग बाबांना का नाही सांगितलंस? टाकीचा काटा बंद आहे, बाबा मीटर बघूनच डिझेल भरतात. आईच्या छातीत दुखायला लागलं म्हणून आत्ता तिला घेऊन डोंगरापलीकडच्या दवाखान्यात निघालेत. त्यांचा फोन इथेच चार्जिंगला राहिलाय, तुझा लागत नाही. मी डिझेलचा कॅन घेऊन स्कूटरवर त्यांच्यामागे जातेय. दवाखान्याचा फोन मघापासून बिझी लागतोय, आलास की आधी तिथे फोन कर, समोरून अ‍ॅम्ब्युलन्स पाठवा म्हणावं.

आईला गाडीत चढवताना बाबा म्हणाले, "पोरानं टायर बदलले ते बरं केलं, हिला धक्के बसणार नाहीत."