खालच्या मजल्यावर देव नाही

चि. चिमीस,

दादाचे आशीर्वाद. (कोणाच्या भरवशावर देतोस, असं विचारू नकोस, सवयीने देतो.) तुझे गुडघे कसे आहेत? माझे ठणठणीत आहेत. बिघाड वरच्या मजल्यावर आहे, म्हणजे डोक्यात.

परवा फिरून आलो, दार उघडंच होतं, आत शिरलो, तर समोर कपाटावर बुद्धाची मूर्ती! जन्मभर नास्तिक म्हणून मिरवलो आणि माझ्याच घरात मूर्ती? हे सूनबाईंचंच काम, म्हणून चपलांसकट उभ्या उभ्या सुरू झालो. देव मानणं हा माणसाचा अपमान आहे, माणसाची प्रतिष्ठा त्याच्या बुद्धीत आहे, वगैरे (भाषण तुला पाठ आहे). माझ्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते, त्यांनाही झाडलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "अहो, देव आम्हीही मानत नाही. बसा." भांडणातली हवाच गेली. गृहस्थ म्हणजे खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, आणि घर त्यांचंच. मी एक मजला आधीच थांबलो होतो. चिमे, हल्ली असं वरचेवर होतं (आयुष्यभर भूमिती शिकवली, आणि आता जिना सुटत नाही).

मग चहा आणि वाद. दोघांनाही देव नको, तर फरक कशात? मी म्हटलं, बुद्धी हीच माणसाची किंमत. डॉक्टर म्हणाले, "मग ज्याची बुद्धी गेली, त्याचं काय? कायमचा असा 'मी' कुणाकडेच नसतो, सगळं बदलत जातं. पण दुखतं सगळ्यांना. माणसाला माणसासारखं वागवायला तेवढं पुरे." हे खोडून काढायला मी तोंड उघडलं आणि मला मुद्दाच आठवेना. फार भीती वाटली गं. माझ्याच हिशेबाने माझी किंमत किती उरली? डॉक्टरांनी घाई केली नाही, शब्द सुचवला नाही, चहा गार होईपर्यंत नुसते बसून राहिले. मग माझं चुकलेलं बटण नीट लावून मला वर आणून सोडलं आणि सूनबाईंना सांगितलं, "हे माझ्याशी वाद घालायला आले होते." (खोटं बोलणं त्यांच्या शीलात बसत नाही, पण हे खरंच होतं.)

तुझा,
दादा

ता.क. माझी बुद्धी गेली की मला माणसात धरू नकोस, कुठल्याही संस्थेत नेऊन टाक, असं वचन मी तुझ्याकडून घेतलं होतं. ते मोड.

आणखी ता.क. हेच पत्र तुला आधीही आलं असेल, तर मला सांगू नकोस. पहिल्यांदाच आल्यासारखं उत्तर लिही.